गेल्या सालची शिराझ पातळ का लागते : प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर

काम आजपासून सुरू. प्रश्न एवढाच की गेल्या हंगामाची शिराझ, आमच्या वाइनरीची लाल वाइन, तोंडात भरत का नाही. वास ठीक आहे, रंगही चारचौघांत खपेल असा. पण घोट घेतला की मधेच काहीतरी निसटतं आणि गिळल्यावर मागे काही उरत नाही. मुंबईच्या वितरकाने माल परत पाठवला नाही, पण पुढची ऑर्डरही दिली नाही. "पाणी घातल्यासारखी लागते" असा निरोप आला, तो सरांना भलताच झोंबला. तेव्हापासून सेलरमध्ये सगळे एकमेकांकडे संशयाने बघताहेत.

आधी हा संशय मिटवू. पाणी पडलं असेल तर ते सगळ्यांवर सारखं पडतं. अल्कोहोल, आम्ल, अर्क, सगळं एकाच प्रमाणात खाली यायला हवं. म्हणून त्याआधीच्या सालची जपून ठेवलेली बाटली काढली आणि दोन्हींचं पृथक्करण शेजारी शेजारी केलं.

आधीचं साल : अल्कोहोल १३.१ टक्के, आम्लता ५.६ ग्रॅम प्रति लिटर, पीएच ३.६८, शुष्क अर्क २७ ग्रॅम.
गेलं साल : अल्कोहोल १२.६, आम्लता ५.१, पीएच ३.८२, अर्क २१.

अर्क काढायची पद्धत जुनीच. वाइन उकळून अल्कोहोल उडवायचं, उरलेल्यात पाणी घालून ते मूळ मापाला आणायचं आणि घनता घ्यायची. साखर वजा केली की राहतं ते द्राक्षाची साल, बिया, आम्लं, क्षार, ग्लिसरॉल यांचं देणं.

अल्कोहोल जेमतेम चार टक्क्यांनी उतरलंय. नुसतं पाणी असतं तर अर्क २७ वरून २६ वर आला असता. तो २१ वर आलाय. म्हणजे जे गेलं ते टाकीत गेलेलं नाही, ते मुळात आलंच नव्हतं. निदान बरंचसं.

१९ नोव्हेंबर

"बरंचसं" लिहिलं खरं, पण उरलेल्याचाही छडा लावायला हवा. अल्कोहोल तरी चार टक्के का उतरलं? ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, कमी असणार हे उघड आहे. तरी टाकी बदलताना काय होतं ते आज उभं राहून पाहिलं.

आमच्याकडे वाइन एका टाकीतून दुसरीत नेताना शेवटी पाइपात राहिलेली वाइन पाण्याने ढकलतात. वाया जाऊ नये म्हणून. पाइपावर एक काचेचा तुकडा बसवलाय, त्यातला रंग फिका झाला की व्हॉल्व्ह बंद करायचा. पण फिका म्हणजे किती? सेलरमधला पोरगा काचेकडे बघत होता आणि फोनवरही बोलत होता. रंग गुलाबी झाला तरी दोन-तीन क्षण गेले. सुरुवातीलाही तेच. पाइप धुऊन ठेवलेला असतो, पोटात पाणी असतं, आणि ते पहिल्या धारेबरोबर नव्या टाकीत जातं.

पाइपाचा आतला व्यास ५० मिलिमीटर, लांबी २० मीटर. हिशेब केला तर पोटात ३९ लिटर मावतात. खात्री म्हणून बादल्यांत रिकामा करून मोजला, जवळपास तेवढेच निघाले. हजार लिटरच्या टाकीत हे सगळं पाणी गेलं तर चार टक्के! पाच हजारांच्या टाकीत पाऊण टक्का. गेल्या सालची शिराझ पाच हजारांच्या टाकीत होती आणि बाटलीत जाईपर्यंत तीनदा हलली. म्हणजे अगदी वाईटात वाईट धरलं तरी सव्वादोन टक्के. त्यात फिल्टरच्या ओल्या पॅडांत अडकलेलं पाणी आणि पिंपं भिजवून नीट न निथळता भरली असतील तर त्यातलं.

निर्णय : पाइप आधी उतारावर धरून रिकामा करायचा. शेवटचा ढकल नायट्रोजनने. ते जमत नसेल तर शेवटच्या ४० लिटरांचं वेगळं पिंप, त्यावर 'मिसळू नये' असा कागद.

फिल्टरवर सगळे खापर फोडतात म्हणून तेही तपासलं. पॅड फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या अर्कात फरक ०.३ ग्रॅम. विषय संपला.

२७ नोव्हेंबर

चवीची चाचणी. ऑफिस, सेलर, टेस्टिंग रूम मिळून नऊ जण. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांचं बरोबर येतंच, म्हणून सहा जणांचं बरोबर आलं तरच फरक कळतो असं मानायचं.

आधीच्या सालच्या चांगल्या वाइनमध्ये मुद्दाम पाणी घातलं. दोन टक्क्यांना तिघे. पाच टक्क्यांना पाच. दहाला आठ. म्हणजे पाइपातल्या पाण्याने एकट्याने वितरकाची जीभ चाळवली नसती. (तरी पाइपाचा निर्णय कायम. कळत नाही म्हणून पाणी घालायचं का?)

मग उलट दिशेने. पातळ वाइनला काय दिलं की ती भरल्यासारखी वाटते? लिटरला ३ ग्रॅम ग्लिसरीन घातलं. पुस्तकी समज असा की ग्लिसरीनने जाडी येते. एकालाही फरक कळला नाही. ग्लासाच्या आत ओघळणाऱ्या धारा बघून "बॉडी आहे हं" म्हणणाऱ्या पाहुण्यांना हे सांगायचं का, ते टेस्टिंग रूमवाल्यांनी ठरवावं.

टार्टरिक आम्ल मात्र कामाचं निघालं. लिटरला ०.७ ग्रॅम घातलं आणि सात जणांनी तोच ग्लास "जास्त भरीव" म्हणून उचलला. बेचव वरणात लिंबू पिळल्यावर होतं तसं, वरण तेवढंच असतं पण लागतं वेगळं. पीएच ३.८२ म्हणजे वाइन ढिली पडलेली, तिला कणा मिळाला. पण १.५ ग्रॅमला सगळं उलटलं. आंबट, टोचरी आणि पहिल्यापेक्षाही किडकिडीत. आम्ल कमी असलं तरी पातळ, जास्त झालं तरी पातळ.

आणखी एक. सकाळी सेलरमधून काढलेले नमुने १२ अंशांवर होते. त्या थंडीत चांगली वाइनही मुकी आणि कडवट लागली. १८ अंशांवर आणून पुन्हा घेतलं. यापुढे तापमान न मोजता कुणीही मत द्यायचं नाही, सरांनीसुद्धा.

१० डिसेंबर

दिंडोरीकडे नानांच्या बागेत. आमची निम्मी शिराझ इथून येते. छाटणी सप्टेंबरअखेरची, मणी आता हिरवे, आठ मिलिमीटरच्या आसपास. थंडी चांगली पडलीय, निफाडकडे तर पारा एक आकड्यावर आलाय म्हणतात.

वेली मोजल्या. नऊ बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी ९६८. एका वेलीवर सरासरी ४५ घड. घड १८० ग्रॅमचा धरला तर वेलीला आठ किलो, एकरी पावणेआठ टन. खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधलंय तो, डॉगरीज. पाणी कमी असो की खारट असो, हा तग धरतो, म्हणून इकडे सर्रास आहे. पण जोर एवढा की पानोळा, पानांचा पसारा, आवरता आवरत नाही.

मी म्हटलं, नाना, एकरी पाच टनांवर आणायला लागेल. वेलीला २९ घड ठेवा, बाकीचे पाडा.

"ताई, घड पाडायची मजुरी मी द्यायची आन् वजनबी माझंच कमी व्हायचं?"

उत्तर नव्हतं. नानांनी पंचवीस वर्षं थॉमसन, म्हणजे खायचं द्राक्ष, पिकवलंय, त्यांचा माल नेदरलँड्सला गेलाय. तिकडे मणी १६-१८ मिलिमीटरचा झाला नाही तर कंटेनरवाला तोंड फिरवतो. जीए (मणी वाढवणारं संजीवक) मारायचं, डिपिंग करायचं म्हणजे घड त्यात बुडवायचे, मणी फुगवायचा, त्यातच सगळी कसब. त्या माणसाला आम्ही सांगतोय की मणी बारीक ठेवा. वाइनमध्ये रंग, टॅनिन, वास, बहुतेक सगळं सालीत असतं आणि मणी जेवढा मोठा तेवढी रसाच्या मानाने साल कमी. हे मी कागदावर वर्तुळं काढून दाखवलं. नानांनी वर्तुळं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि चहा सांगितला.

चहावर खरी गोष्ट निघाली. आधीच्या सालचा विषय काढला, ज्या सालची आमची वाइन चांगली झाली. "ते साल नका काढू," नाना म्हणाले. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला होता, डाऊनी (पानाघडांवरचा बुरशीसारखा रोग) आली, काही घड जिरले, उरलेल्यांतले कितीतरी कुजले. एकरी साडेचार टन निघाले होते. दोन औषधांची उधारी अजून फिटलेली नाही.

म्हणजे विरळणी झाली होती. कुणी केली नव्हती एवढंच. त्यांचं सगळ्यात वाईट साल ते आमचं सगळ्यात चांगलं, आणि गेल्या साली बाग लगडलेली होती तेव्हा नाना खूश आणि आमची वाइन पातळ.

शेवटी तोड निघाली. उत्तरेकडचा अर्धा एकर चाचणीला. घड पाडायची मजुरी आमची, घटलेल्या वजनाचे पैसेही आमचे. तिथलं ड्रिप आजपासून निम्म्यावर. उरलेल्या बागेत नाना करतील तसं.

१२ डिसेंबर

पाण्याबद्दल सरांशी वाद. त्यांचं म्हणणं, ड्रिप काढणीआधी पंधरा दिवस तोडलं की पुरे. माझं म्हणणं, तोवर उशीर झालेला असतो. मण्याचा आकार बराचसा ठरतो तो मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरेपर्यंत. पाणी उतरलं की मुळांकडून थेट येणारी वाट आकसते, मग मण्याला मुख्यतः पानांकडून येणाऱ्या साखरेच्या रसावरच भागवावं लागतं. तेव्हा शेवटी पाणी तोडून मणी फारसा लहान होत नाही. फार ताणलं तर सुकतो आणि पानं पिवळी पडतात. काढणीच्या तोंडावर मोठा पाऊस झाला तर ब्रिक्स एक-दोन अंशांनी खाली येतो, हे खरंच. पण ड्रिपची कात्री लावायची ती आत्ता, डिसेंबरात.

सर "बघू" म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे हो.

४ जानेवारी

मण्यात पाणी उतरायला लागलं. मागे राहिलेले हिरवे घड तेवढे काढले. हे लंगडे घड काढणीपर्यंत कधीच बाकीच्यांना गाठत नाहीत, आणि क्रेटमध्ये गेले की सरासरी ब्रिक्स बरा दाखवत चव मात्र कच्ची करतात. बागेत काम करणाऱ्या मावशींच्या हाताला त्याची जाण माझ्यापेक्षा जास्त. मी रंग बघते, त्या घड नुसता बोटांत दाबतात.

३ फेब्रुवारी

चाचणीच्या ओळी आणि नानांच्या ओळी, दोन्हीकडून मणी आणले. दोनशे-दोनशे मणी कॅलिपरने मोजले. चाचणीचा सरासरी मणी ११.८ मिलिमीटर, वजन ०.९४ ग्रॅम. नानांचा १३.६ मिलिमीटर, १.४३ ग्रॅम. दिसायला फरक किरकोळ, पण नानांच्या मण्यात तेवढ्याच रसाला तेरा टक्के साल कमी.

चाचणीच्या ओळी ब्रिक्स २२.४, आम्लता ६.२, पीएच ३.५५. सर म्हणाले, काढा. दुपारचा पारा तिशीच्या वर गेलाय, आम्ल पडेल.

इथे नाशिकचं दुखणं आहे. फ्रान्सात द्राक्ष उन्हाळ्यातून गारव्याकडे जाताना पिकतं. आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतून थेट उन्हात. साखर धावते, आम्ल घसरतं, आणि साल नि बिया मागे राहतात. आम्ल वाचवायला लवकर काढलं तर २२ ब्रिक्सला साडेबारा टक्के अल्कोहोल मिळतं, आकडे सुरेख दिसतात आणि वाइन पोकळ निघते. थांबलं तर आम्ल बाहेरून घालावं लागतं. दोन्हींत मी दुसरं घेईन. आम्ल पोत्यात मिळतं, पिकलेली साल मिळत नाही.

बिया चावून पाहिल्या. निम्म्या अजून हिरव्या, दाताखाली चामट, तुरट. पिकलेली बी तपकिरी होते आणि कडकन फुटते. सरांनाही चार चावायला दिल्या. थांबायचं ठरलं.

१२ फेब्रुवारी

पहाटे काढणी, चाचणीचा अर्धा एकर. ब्रिक्स २४.१, आम्लता ५.४, पीएच ३.७. उतारा अडीच टनांना थोडा कमी. नानांच्या बाकी ओळी आज २१.८ वर, म्हणजे भार जास्त तिथे पिकायलाही उशीर. त्या पुढे काढू. दोन्ही एकाच दिवशी काढल्या असत्या तर फरक भाराचा की पिकण्याचा हे कळलं नसतं. आता दिवस वेगळे पडतील, त्याचा थोडा घोळ राहील. चालेल.

२४ फेब्रुवारी

नानांच्या ओळी आल्या, २३.६ वर. टाक्या अशा :

क – चाचणीचा माल, साली नऊ दिवस आत.
ख – नानांचा माल, तसाच, साली नऊ दिवस.
ग – नानांचाच माल, पण आंबायच्या आधी बारा टक्के रस काढून घेतला, म्हणजे उरलेल्या रसाला साल जास्त. काढलेल्या रसाची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन.

गेल्या हंगामात साली फक्त पाच दिवस ठेवल्या होत्या, तेही नोंदवून ठेवते. फेब्रुवारीच्या गर्दीत मागून गाड्या उभ्या असतात आणि टाकी रिकामी करा म्हणून ओरडा होतो. तेव्हा प्रेसकडे, साली पिळायच्या यंत्राकडे, कुठली टाकी आधी जाते हे चवीवर ठरत नाही.

२८ फेब्रुवारी

ख टाकीचं तापमान दुपारी ३१ वर गेलं, चिलर ट्रिप. संध्याकाळपर्यंत २७ वर आणलं. पंप ओव्हर (तळाचा रस उपसून वर सालींवर सोडणं) तिन्हींना सारखाच, दिवसातून दोनदा.

२४ मार्च

मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंकडून तिखट आम्लाचं सौम्य आम्ल होणं, उरकलं. अर्क : क २८.५, ख २३, ग २५.५. अल्कोहोल क १३.६, ख आणि ग १३.३.

ख ची तुलना गेल्या सालच्या २१ शी केली तर जास्त दिवस साली ठेवल्याने आणि उशिरा काढल्याने मिळून दोनेक ग्रॅम वाढलेले दिसतात. वर्ष वेगळं, तेव्हा हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. क आणि ख मधले साडेपाच मात्र त्याच हंगामातले, त्याच बागेतले.

आंधळी चाखणी केली, नऊच जण, १८ अंशांवर. क बद्दल वाद झाला नाही. ग बद्दल झाला. रंग तिचा सगळ्यात गडद, त्यामुळे ग्लास उचलतानाच लोक तिच्या बाजूचे झाले. पण घोटात सुरुवात जोरात, शेवट तुरट, आणि मधला भाग तसाच मोकळा. रस काढून आहे तेच दाट होतं, पिकलेलं नसेल ते पिकत नाही. बियांचा कडवटपणाही दाट होतो. सरांना ग आवडली, कारण वर रोझे फुकट मिळाली. रोझे खरंच छान झालीय, ते नाकारत नाही.

३ एप्रिल

गेल्या सालच्या उरलेल्या वाइनचं काय? ०.७ ग्रॅम टार्टरिक, आणि क टाकीच्या ताज्या बारीक गाळावर तीन महिने. मेलेल्या यीस्टमधून जे सुटतं त्याने तोंडातला मऊपणा थोडा वाढतो. गाळ दर आठवड्याला ढवळायचा, वास बिघडतोय का बघायचं. ओकच्या चिप्स टाका असाही सल्ला आला. पातळ वाइनला लाकूड दिलं की लाकडाचं पाणी लागतं, म्हणून नको.

९ एप्रिल

बागेत खरड छाटणी सुरू. नानांना तिन्ही वाइन चाखवल्या. ते पीत नाहीत, ओठाला लावून थुंकतात, पण क वर थांबले. "ही त्या डाऊनीच्या सालासारखी हाय," म्हणाले.

मग हिशेब. आमचा भाव किलोला ४५. पावणेआठ टनांचे साडेतीन लाखांच्या आसपास. पाच टनांचे सव्वादोन. नानांचं नुकसान होऊ द्यायचं नसेल तर भाव ७० लागतो. किलोला पंचवीस रुपये जास्त. एका बाटलीला साधारण सव्वा किलोच्या आत द्राक्ष लागतं, म्हणजे बाटलीमागे तीस रुपयांच्या आतबाहेर. कॉर्क, लेबल आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर आम्ही याहून जास्त घालवतो.

सरांना मी किलोचा भावच नको म्हणून सांगितलं. एकराचा भाव ठरवा, वेलीला घड किती ते करारात लिहा आणि डिसेंबरात आपला माणूस मोजायला पाठवा. किलोवर पैसे द्यायचे आणि किलो कमी करा म्हणायचं, हे कुठला शेतकरी ऐकेल? सर म्हणाले, क विकली जाते का ते बघू, मग ठरवू. क बाटलीत जाऊन बाजारात पोचेपर्यंत पुढची छाटणी होऊन गेलेली असेल, हे मी त्यांना कॅलेंडरवर दाखवलं.

नानांचं म्हणणं एकदम साधं. कागद सप्टेंबरच्या आत करा, स्टॅम्प पेपरवर, आणि त्यात डाऊनीच्या सालाचंही लिहा. घड रोगानेच गेले तर पाडायची मजुरी कुणाला, आणि एकराचा भाव पुरा की अर्धा? हा मुद्दा माझ्या मसुद्यात नव्हता. आज घातला.